तिच्या नावाचं खोटं पान

वडनेरच्या त्या मुलीची फिर्याद निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. दोन हजारच्या दशकाची अखेर होती. वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच ती वडिलांसोबत आली. बरोबर तिचा होणारा नवराही होता, पुलगावच्या एका दुकानदाराचा मुलगा. साखरपुडा झाला होता.

मुलगी संगणक शिकलेली. पुण्याच्या एका कंपनीने तिला निवडलं होतं आणि रुजू व्हायच्या तोंडावर निवड रद्द केली. तिने फोन करून कारण विचारलं, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, "आम्हाला एक ईमेल आला. त्यातल्या लिंकवर तुमचं प्रोफाइल पाहिलं."

तेव्हा तरुण मुलं सायबर कॅफेत बसून एका सोशल साइटवर गप्पा मारत. तिथे हिचं नाव आणि फोटो लावून कुणीतरी पान उघडलं होतं. त्यावर दारूच्या बढाया होत्या, नको त्या गोष्टी होत्या आणि त्याच कंपनीची टिंगलही होती. भाजीपाला पिकवणारे तिचे वडील हे सगळं ऐकताना मान वर करत नव्हते.

"साहेब, लिहून नका घेऊ," ते म्हणाले. "गावात बोभाटा होईन. लग्न तोंडावर आहे."

मुलगी म्हणाली, "बाबा, नोकरी गेली ते गेली. पण हे माझ्या नावानं आहे. उद्या दुसऱ्या कंपनीनं पाह्यलं तं मी काय सांगू?"

होणारा नवरा हळूच म्हणाला, "जाऊ द्या ना साहेब. तिले नोकरीची गरजच काय आहे?"

मी गुन्हा दाखल करून घेतला.

साइटकडून माहिती मागवली, पण उत्तर लवकर येईना. तिच्या वर्गातल्या मुलामुलींचे जबाब घेतले. काही हाती लागलं नाही. मग त्या फोटोची प्रत देऊन जमादारांना कॅफे पालथे घालायला लावलं. शेवटी पुलगावच्या एका कॅफेवाल्याचा फोन आला. हा फोटो एका गिऱ्हाइकाने त्याच्याकडे स्कॅन करून घेतला होता.

मी मुलीला बोलावून विचारलं, हा फोटो कोणाकोणाकडे आहे?

"स्थळासाठी काढलता, स्टुडिओत. बाकीच्यांनी वापस केला. फक्त..." एवढं बोलून ती थांबली.

तिच्या होणाऱ्या नवऱ्याला चौकशीला बोलावलं. मी आवाज चढवला नाही. घाबरलेला माणूस कबूल करतो, पण खरं कारण सांगत नाही. चहा दिला, लग्नाच्या तयारीचं विचारलं. मग म्हणालो, "ती पुण्याला जाणार होती. तुला कसं वाटत होतं?"

"मी किती समजावलं साहेब. ऐकूनच नाई राह्यली."

"म्हणून तिचा फोटो स्कॅन केलास?"

कॅफेवाला बाहेर बसला आहे, हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मले वाटलं, नोकरी नाई भेटली का ती घरीच राहीन. मले तिचं वाईट नव्हतं करायचं."

तो खोटं बोलत नव्हता. आपण तिचं वाईट केलं, हेच त्याला उमगत नव्हतं.

त्याच्यावर दोषारोपपत्र दाखल झालं. लग्न मोडलं. फिर्याद नको म्हणणारे वडील स्वतः पुलगावला जाऊन तसं सांगून आले. पान काढलं गेलं. आम्ही कंपनीला खरा प्रकार कळवला, पण त्यांनी जागा भरल्याचं उत्तर पाठवलं.

नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचे अर्ज आले की आम्ही गावात माणूस पाठवायचो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचो. त्यातही चुका व्हायच्या, पण समोर जिवंत माणसं असायची. इथे कोणीतरी पडद्यावर एक पान पाहिलं आणि जिच्या नावाचं ते पान, तिला न विचारता निकाल दिला. ती मुलगी काय म्हणते, हे ऐकून घ्यायला तिथे कोणीच नव्हतं. या प्रकरणाने मला हे शिकवलं, की पुरावा जितका सहज हाती येतो, तितका तो नीट तपासायला हवा.

पुढे तिला नागपुरात नोकरी लागली. पेढे द्यायला ती ठाण्यात आली, तेव्हा मी विचारलं, मुलाखतीत तो विषय निघाला का?

"मीच काढला, सर," ती म्हणाली. "त्यांना म्हटलं, माझं नाव तुम्ही शोधणारच. मग आधी माझ्या तोंडून ऐका."