साडूच्या टेबलावरचा कॉम्प्युटर

आमच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला सगळे वायसर म्हणत. नळाचं सामान विकणाऱ्या एका मोठ्या घाऊक कंपनीचा तो फिरता विक्रेता. दोन लोखंडांच्या मध्ये रबराची चकती बसली की गळती थांबते, तसा हा कुणाच्याही भांडणात मधे बसायचा आणि भांडण थांबायचं, म्हणून ते नाव. एकदा दोन भाऊ सामाईक भिंतीवरून एकमेकांच्या जिवावर उठले होते. यानं दोघांच्याही कानात वेगवेगळं जाऊन सांगितलं, "तुझा भाऊ आत बसून रडतोय रे." दोघं एकमेकांचे डोळे पुसायला निघाले ते दारातच धडकले. भिंत अजून उभी आहे.

दुकानदार त्याच्या शब्दावर माल घेत. त्याचा साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, तर डोळे मिटून घ्यायचा. साडूचं नळाच्या सामानाचं दुकान चौकाला लागून, टीचभर. पण आसपासचे सगळे प्लंबर तिथेच यायचे, कारण कशाला काय बसेल ते साडू सांगायचा आणि न बसलेलं कुरकुर न करता परत घ्यायचा.

अशात दुसरा एक घाऊकवाला कंपनीच्या ताटातलं ओढायला लागला. माल तोच, भाव कमी. कंपनीत नवे साहेब आले. त्यांनी भावाला हात लावला नाही. दर दुकानाच्या टेबलावर एक कॉम्प्युटर ठेवायचं ठरवलं, तेही फुकट. दुकानदारानं दिवसभर काय विकलं ते त्यात भरायचं, की संपत आलेला माल सकाळी न मागता दारात हजर. मग तो दुसऱ्याला फोन कशाला करेल? "भाव आपण उतरवला तर उद्या तोही उतरवेल," साहेबांनी विक्रेत्यांना सांगितलं. "सवय लावली तर काय करेल?"

वायसरला हे इतकं पटलं की घरी येऊन त्यानं मलाही समजावलं. मी म्हटलं, म्हणजे मुक्कामी पाहुण्यासारखं झालं. कामाला मदत करतो, पण कुठल्या डब्यात काय आहे हे आपल्याआधी त्याला ठाऊक. तो पोट धरून हसला.

त्याच्या भागातल्या सगळ्या दुकानांत कॉम्प्युटर गेले. पेंगुळ्या म्हणून एक दुकानदार होता, त्यानं त्यावर चहाचे पेले ठेवायला सुरुवात केली. एक अक्षर भरलं नाही. "तुझ्याकडे म्हैस बांधली असती तरी दूध काढलं नसतंस," असं वायसर त्याला जाता-येता ऐकवायचा. पेंगुळ्या जांभई द्यायचा.

साडूची हौस दांडगी, पण बोटं चालेनात. म्हणून रोज घरी जाताना वायसर तिथे थांबून स्वतः भरून द्यायचा. मागच्या घरातून ताई, म्हणजे साडूची बायको, चहा आणून ठेवायच्या आणि दोघं साडू टाळ्या देत बसायचे. खरं तर भरायचा होता तो फक्त कंपनीचा माल. पण अर्धवट भरलं तर साडूला माल उलटसुलट येईल, असं वायसरच्या मनानं घेतलं. म्हणून दुसऱ्या घाऊकवाल्याकडून आलेला मालही तो भरू लागला, भावासकट. कुठला प्लंबर काय नेतो, तेही. आपल्या माणसाचं काम, ते चोख नको?

चोख झालंच. साडूचा धंदा वाढला. त्यानं मधली भिंत पाडून घराची पुढची खोली दुकानात घेतली.

आणि एक दिवस साहेबांनी वायसरला बोलावून पडद्यावर नकाशा दाखवला. त्यात दुकानांचे ठिपके होते. जितकी विक्री मोठी, तितका ठिपका मोठा. साडूचा सगळ्यांत मोठा. पेंगुळ्याचा नव्हताच. कंपनी आता स्वतःची दुकानं काढणार होती आणि पहिलं साडूच्या बरोबर समोर. "इतकी स्वच्छ माहिती कुणाकडूनच आली नाही," साहेब हात हातात घेऊन म्हणाले. "जागा तुम्हीच शोधून दिलीत."

"साहेब, ते माझ्या साडूचं दुकान आहे."

साहेबांनी पडदा बंद केला. मग म्हणाले, "मग त्यांना सांगू नका. उगाच घरात वाईटपणा."

वायसरनं त्याच संध्याकाळी सांगितलं. साडू खुंट्यांना तोट्या अडकवत होता, तो अडकवतच राहिला. एवढंच विचारलं, "त्या दुसऱ्याचा भावसुद्धा कळलाय त्यांना?" वायसरनं होकारार्थी मान हलवली. ताई म्हणाल्या, "कुऱ्हाडीचा दांडा..." आणि पुढचं न बोलता आत गेल्या. त्या दिवशी चहा आला नाही.

साडूनं कॉम्प्युटरची वायर काढून टाकली. पण कळायचं ते कळून गेलं होतं. समोरचं दुकान उघडलं तेव्हा प्रत्येक वस्तू साडूच्या भावाहून थोडी खाली होती आणि त्याच्या प्लंबरांना लागणारा माल दारातच मांडलेला होता. प्लंबर आधी भिडेखातर साडूकडेच आले. मग मागच्या गल्लीतून समोर जाऊ लागले. शेवटी त्याच्यादेखत गेले. त्यांनाही पोट होतं. पाऊस सरला तेव्हा साडूचं शटर खाली आलं. पेंगुळ्याचं दुकान मात्र चालूच राहिलं, धंदा बेताचा, झोप भरपूर.

साडूच्या वयाच्या माणसाला काम कोण देणार? समोरच्यांनाच प्लंबर ओळखणारा माणूस हवा होता. वायसरनं शब्द टाकला. साहेब लगेच हो म्हणाले. त्यांच्या मनात ते आधीपासूनच होतं.

फेरीवर असताना वायसर पहिल्यांदा त्या दुकानात गेला. साडू कंपनीचा शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे बसला होता आणि दोन बोटांनी एकेक अक्षर शोधून दिवसाची विक्री भरत होता. वायसर त्याच्या बाजूला येऊन उभा राहिला. मग नेहमीच्या सवयीनं वाकला आणि म्हणाला, "सरका साडूभाऊ, मी भरतो."

साडूनं मान वर केली नाही.

"नको साहेब," तो म्हणाला. "जमतं आता मला."