डेंटरचाचांनी ओळखलेली मोटार

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, पण गाडीचं विचारू नये असं कुणी म्हटलेलं नाही, आणि आमच्या डेंटरचाचांनी एवढ्या एका सवलतीवर सगळं आयुष्य काढलं. लोणावळ्यात आमच्या घरामागेच त्यांचं गाड्यांचे पोचे काढायचं गॅरेज. आता ऐंशीला टेकलेत. जुनी गाडी दिसली की हा माणूस बोटाच्या पेरानं पत्रा वाजवणार, कान लावणार, दाराच्या फटीत नाक खुपसणार आणि गाडी कुठली, पत्रा कुठं ठोकला, मडगार्ड कधी बदललं, सगळं सांगून मोकळा होणार. जागा-वेळ बघेल तर शपथ. माझ्या बहिणीच्या लग्नात नवरदेव दारात आला, तर हे त्याच्या फुलांनी सजवलेल्या जुन्या गाडीखाली आडवे. बाहेर आले ते थेट वरबापाकडे, आणि चारचौघांत सांगितलं की बॉनेट हिचं नाही, तुम्हाला फसवलंय. बहीण अजून सासरी त्याचे टोमणे खाते. कधीतरी खोटं बोला हो, म्हणून मी भांडायला गेलो, तर ते माझ्याच स्कूटरचा पत्रा वाजवून बघत बसले.

गेल्या वर्षी भाजे गावाच्या रस्त्यावरच्या एका बंगल्याच्या नव्या मालकाला शेडमध्ये ताडपत्रीखाली जुनी मोटार सापडली. ती सबंध विलायती आहे असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. खात्री करायला त्यानं चाचांना बोलावलं, सोबत मी. चाचांनी दाराचं अस्तर उतरवलं. आतला सांगाडा सागवानाचा निघाला. म्हणजे इंजिन आणि चासी तेवढी बोटीनं आलेली, अंगावरचा पत्रा इथंच चढवलेला. त्या काळी रीतच होती तशी. मग पत्र्याच्या आतून हात फिरवता फिरवता ते थांबले. हातोडीचे ठोके उलट्या अंगाला कललेले होते, डावखुऱ्या माणसाचे. चाचांचे अब्बा डावखुरे, आणि चाचा हे काम त्यांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी जन्मभर लोकांच्या गाड्या घडवल्या, पण कुठं नाव नाही, घरात साधा फोटोसुद्धा नाही. चाचा त्या पत्र्याला गाल लावून रडायला लागले. मला काय करावं कळेना, मी ताडपत्रीची घडी घालत बसलो.

मालक आला तेव्हा चाचांनी छाती फुगवून सांगितलं, "विलायती नाही साहेब. माझ्या अब्बांच्या हातची आहे."

पंधरा दिवसांनी कळलं, मालकानं हुबेहूब विलायती नमुन्याची नवी बॉडी करायला टाकली आणि ही कापून भंगारात घातली. निदान एक दार तरी मिळावं म्हणून मी चाचांना स्कूटरवर घालून भंगारवाल्याकडे नेलं. तोवर सगळा पत्रा दाबून गठ्ठा झाला होता. त्यांनी त्यावर बोटं फिरवली.

"खोटं बोललो असतो तर अब्बा राहिले असते," एवढंच म्हणाले. त्या मालकाचा मला आजही संताप येतो.

गॅरेज चालू आहे. परवा पुण्याचे एक गृहस्थ आजोबांची मोटार घेऊन आले आणि मोठ्या हौसेनं विचारू लागले, कुठली असेल हो ही? पत्रा इथलाच होता, ते मलासुद्धा दिसत होतं. चाचांनी गाडीला हात लावला नाही.

"विलायती आहे," ते म्हणाले. "सांभाळा तिला."