दोन रावसांचा बर्फ

"कुनाकडनं घेतलंस? तिचा नाव सांग मना."

आमची मासेवाली मावशी आमच्याच हॉलमध्ये उभी राहून ओरडत होती. खांद्यावर बर्फाची गोणी. आवाज असा, की समोरच्या बिल्डिंगमधली कबुतरं खाडी ओलांडून थेट पलीकडे गेली. अजून परतलेली नाहीत.

चूक माझीच, म्हणजे माझ्या हातांची. मे महिना, सकाळपासून लाइट गेलेली, आणि फिशटँकचं पाणी एवढं तापलेलं, की नुसती पावडर नि साखर टाकली असती तर सोसायटीभर चहा झाला असता. माझे दोन गोल्डफिश वर येऊन तोंडं वासत होते. फ्रीजरमध्ये गोठवलेल्या बाटल्या एकेक करून पाण्यात सोडून संपल्या. बायको वहीच्या पुठ्ठ्याने टँकला वारा घालत होती आणि दर झोताला मला एक वाक्य ऐकवत होती.

शेवटी स्कूटर काढली नि दिवाळे गावाच्या मासळी बाजारात गेलो. दहा वर्षं आम्ही मासळी या एकाच मावशीकडून घेतो. तिचा नियम एकच : बर्फ माशांना, सरबताला नाही.

"घरी मासे आहेत मावशी, हातचे जातील," मी म्हणालो. यात खोटं काही नव्हतं.

"किती?"

"दोन."

"केवडं?"

इथे घोळ झाला. बोटं दोन इंचांवर थांबायची, तर हात कोपरापर्यंत गेला.

"म्हंजे रावस," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. दहा वर्षांचं गिऱ्हाईक रावस घेतं दुसरीकडून, तेही दोन-दोन, आणि बर्फ मागायला येतं हिच्याकडे. तिने कोयता ठेवला, पाटी शेजारणीवर सोपवली, गोणी उचलली नि स्कूटरवर माझ्या मागे बसली. वाटेत गोणीचं गार पाणी माझ्या पाठीवरून चपलेपर्यंत.

हॉलमध्ये मी नाव सांगेना, तेव्हा ती किचनमध्ये घुसली. सिंक पाहिलं, बंद फ्रीज उघडला. "वैनी, रावस कुठं हाय?"

बायकोने पुठ्ठ्यानेच टँककडे खूण केली.

मावशी वाकली. बराच वेळ बघत राहिली. एक गोल्डफिश तिच्याकडे बघत होता, दुसऱ्यात तेवढंही त्राण नव्हतं.

"यो?"

तोंड लपवायला मी मूठभर बर्फ उचलला नि पाण्यात टाकणार, तोच मनगटावर फटका बसला. "मारशील त्यांना. मीठ हाय त्यान." मग तिनेच थोडा बर्फ पिशवीत घट्ट बांधून पाण्यावर तरंगत ठेवला. तो वितळला की दुसरी पिशवी. घाई नाही, जरा जरा गार. शेपट्या हलेपर्यंत ती उठली नाही.

पुढच्या आठवड्यात लाइट परत गेली. मी परत दिवाळ्याला.

"मावशी, थोडा बर्फ द्या ना. घरी मासे आहेत."

ती सुरमईचे तुकडे करत होती. मान वर केली नाही.

"आदी फोटो दाखव."