लाल हापसा

समन्वयक हा शब्द मला चिकटला तेव्हा बरा वाटला होता. शाळेत विज्ञान शिकवण्याची नोकरी सोडून मी नदीच्या कामात पडले होते. परभणीतली आमच्यासारखी हौशी माणसं रविवारी वेळ काढून पूर्णेच्या काठी जायची, पाण्याच्या बाटल्या भरायची, रंगाच्या पट्ट्या बुडवून बघायची. एवढंच काम. पण हळूहळू लक्षात आलं, की त्याच नदीचं पाणी चार जण तपासतात आणि चौघांची उत्तरं चार.

सरकारी प्रयोगशाळेचा माणूस पुलाखालून पाणी घ्यायचा, कारण तिथपर्यंत जीप जाते. महाविद्यालयातले प्राध्यापक डोहातून घ्यायचे. कारखान्याचे लोक त्यांच्याच नाल्याच्या वरच्या अंगाला बाटली भरायचे, म्हणजे नाल्यातली घाण नदीत मिसळण्याच्या आधी. आणि आम्ही जिथून वास येईल तिथून. मग एकाचं पाणी निर्मळ, दुसऱ्याचं काळं. भांडायला सगळे मोकळे आणि खोटं कुणीच नाही.

मला वाटलं, या चौघांना एका जागी आणलं, एकाच दिवशी एकाच घाटावरून पाणी घ्यायला लावलं, तर नदी काय ते स्वतःच सांगेल. त्यासाठी मी दारोदार फिरले. साहेब भेटेपर्यंत बाकड्यावर बसले, प्राध्यापकांच्या परीक्षा संपायची वाट बघितली. शेवटी समिती झाली, मी तिची समन्वयक. सरकारी प्रयोगशाळेचे साहेब निवृत्तीला टेकलेले, सज्जन, पण सही करण्याआधी पेनाचं टोपण तीनदा लावून काढणारे. प्राध्यापक हुशार, पाण्यावर बोलायला लागले की ऐकत राहावं असे. कारखान्याचे पर्यावरण अधिकारी सगळ्यात गोड. बैठकीला गरम सामोसे त्यांच्याकडून, नदीवर जायला गाडीही त्यांचीच. येताना एक अट मात्र घेऊन आले.

"म्याडम, चौघांचं एकमत झाल्याशिवाय कुठलाच निकाल बाहेर जाणार नाही. नाहीतर उगाच लोकांत घबराट होते."

साहेबांनी लगेच मान डोलावली. वरून मंजुरी मिळायची तर हीच अट लागेल, म्हणाले. प्राध्यापकांना ती शास्त्रीय वाटली. अट नाकारली असती तर समितीच झाली नसती.

पाणी घ्यायची जागा ठरली ती नाल्याच्या खालच्या अंगाला, एका धनगरवस्तीजवळ. वस्तीचं नाव सांगत नाही. परभणीहून गाडीने चुडाव्याला उतरायचं आणि तिथून पुढे मिळेल त्या वाहनाने. वस्तीवर एक हापसा, काही घरं, मेंढरांचे वाडे. तिथल्या एका बाईंनी आमच्या गटात नाव दिलं होतं. वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या, म्हणून मी त्यांना अक्का म्हणायचे. त्यांची मेंढरं नदीवर पाण्याला जायची. गेल्या हंगामात गाभण मेंढ्या गाभडल्या होत्या, काही कोकरं जन्मतःच गेली होती. डॉक्टरांनी औषध दिलं, कारण सांगितलं नाही. अक्कांना पाण्याच्या शास्त्राशी काही घेणं नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच होता.

"बाई, मला येवढंच सांगा. ह्ये पाणी मेंढरायला पाजू का नको?"

"सांगते अक्का. तपासणी होऊ द्या."

ठरल्या दिवशी सगळे आले. अक्कांनी चुलीवर काळा चहा केला, साहेबांसाठी घरातून खुर्ची आणली. घाटावरून एका बादलीत पाणी घेतलं आणि त्याच बादलीतून चार बाटल्या भरल्या. जाता जाता साहेबांनी हापशाचंही पाणी भरून घेतलं, एक बाटली प्राध्यापकांना दिली. आलोच आहोत तर, म्हणाले. त्या दिवशी परतताना मी गाडीत गाणं गुणगुणत होते, आठवतंय मला.

निकाल घेऊन बसलो तेव्हा नदीची गोष्ट अशी झाली. प्राध्यापकांच्या चाचणीत पाण्यातला प्राणवायू फार उतरलेला होता, मासळी जगणार नाही इतका. कारखान्याने बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घेतलेल्या चाचणीत सगळं मर्यादेत. सरकारी प्रयोगशाळेत त्या चाचणीला लागणारं रसायन संपलेलं होतं, मागणी गेलेली होती, तोवर नमुन्याची मुदत टळली. आणि आमच्या पट्टीवर रंग उमटला होता तो लालभडक, पण पट्टी म्हणजे नुसता अंदाज, ती धरायची नाही असं ठरलं.

"म्हणजे एक वाईट, एक चांगला," कारखान्याचे अधिकारी हसून म्हणाले. "फिट्टंफाट."

मी प्राध्यापकांकडे बघितलं. त्यांनी चष्मा पुसला.

"हे बघा, एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय होईल. वर्षभराची आकडेवारी हवी."

बोलणं चुकीचं नव्हतं. पण त्यांच्या विभागाला नवं यंत्र देण्याचं कारखान्याने कबूल केलं होतं, हेही मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही. ते माझ्याकडे न बघता सामोशाची कड मोडत राहिले.

मी दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेले. अक्का वाड्याच्या कुंपणाला काटे लावत होत्या.

"अक्का, नका पाजू नदीचं पाणी मेंढरांना."

त्या थांबल्या. "आसं का? मंग लेखी द्या की. सरपंचाला दावते. नाल्याचं पाणी बंद करा, न्हाईतर मेंढरायला हौद बांधून द्या मनते कारखान्याला."

"लेखी नाही देता येत. अजून एकमत नाही झालं."

"कुणाचं?"

"समितीचं."

"तुमी मनायलात नका पाजू, ते तुमचंच मत हाय ना?"

"माझं आहे."

"मंग तुमचंच लिहून द्या."

एका कागदावर माझ्या सहीने लिहून द्यायलाही मी तयार होते, दिलंही. सरपंचांनी तो वाचून परत केला. यावर शिक्का कुठाय, म्हणाले. अक्का मेंढरं घेऊन दूरच्या तळ्यावर जायला लागल्या. जाण्यायेण्यात दिवस मोडायचा. तळं आटल्यावर पुन्हा नदीवर आल्या.

पुढच्या बैठकीत साहेबांनी हापशाचा निकाल पुढे ठेवला. पाण्यात फ्लोराइड जास्त होतं. या पाण्याने दातांवर पिवळे-तांबडे डाग पडतात, पुढे हाडं आखडतात. सरकारी चाचणी तेच सांगत होती, प्राध्यापकांचीही. कारखान्याचे अधिकारी तर उत्साहाने पुढे सरकले. हे खडकातून येतं, यात कुणाचा दोष नाही, लगेच मान्य करू या. आमच्या गटातल्यांनीही होकार दिला, कारण निकाल खरा होता. वस्तीवरच्या पोरांचे दात मी पाहिले होते.

इतक्या महिन्यांत चौघांचं एकमत झालं ते या एका गोष्टीवर. ज्यात कुणाचंच काही जात नव्हतं.

"पण आधी दुसऱ्या पाण्याची सोय करा, मग हापसा बंद करा," मी म्हटलं.

"तो विषय आपल्या समितीचा नाही," साहेब म्हणाले. "आपण गुणवत्ता बघतो. सोय दुसरं खातं बघतं. मी कळवतो तिकडं."

साहेबांनी खरंच कळवलं. मी स्वतः तहसिलीत जाऊन विचारलं. टँकर देता येत नाही, असं उत्तर मिळालं. नदीकाठचं गाव टंचाईत बसत नाही.

मी तिथल्या कारकुनाला म्हटलं, "अहो, त्या नदीचं पाणी खराब आहे."

"तसा अहवाल आहे का?"

अहवाल नव्हता.

पिण्यायोग्य नाही म्हणून हापसा लाल रंगवून त्याचा दांडा काढून नेला, हे मला वर्तमानपत्रातून कळलं. चार यंत्रणांच्या समन्वयाचं कौतुक छापून आलं होतं. सोबत समितीचा जुना फोटो, त्यात मी मधोमध उभी. प्राध्यापकांनी ते कात्रण मला फोनवर पाठवलं, खाली अभिनंदन असं लिहून.

चुडाव्याला उतरून वस्तीवर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. हापशाभोवती कुणी नव्हतं. लाल रंग अजून ओला असल्यासारखा चमकत होता. नदीच्या वाळूत अक्कांची सून झिरा उकरून बसली होती. खड्ड्यात पाणी पाझरेल तसं ती वाटीने उपसून घागरीत ओतत होती. पाणी गढूळ होतं. नाल्याचं तोंड तिथून हाकेच्या अंतरावर. तिने मला बघितलं आणि पुन्हा वाटी बुडवली.

अक्का काठावर उभ्या होत्या. मी काहीतरी समजावायला लागले. हापशाचं पाणी खरंच वाईट आहे, हाडांना धरतं, असं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आसंल बाई. तुमी खोटं कामून सांगताल? पर हाडं धरायला धा वरसं लागत्याल. ह्या पाण्यानं पोरगं काल रातच्यापसून वकायलंय. तुमी पाणी तपासायला आल्ताव, अन् व्हतं ते बी घिऊन गेलाव."

मग त्या घरात गेल्या आणि आमच्या गटाने दिलेली पट्ट्यांची डबी आणून माझ्या हातात ठेवली. फेकली नाही, आपटली नाही. धुऊन पुसून ठेवली होती.

मी तिथून थेट साहेबांकडे गेले. दांडा परत बसवा, म्हणाले. निदान वापरायला तरी पाणी मिळेल. साहेबांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"म्याडम, लाल रंगवलेल्या हापशाला दांडा बसवला तर उद्या माझ्यावर येईल. पेन्शनला किती दिवस राहिलेत माझ्या, तुम्हाला माहीत आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही नदीचं पुन्हा घ्या की सँपल. रसायन आलंय आता."

आम्ही पुन्हा पाणी घ्यायचं ठरवलं. पण कारखान्याने त्या महिन्यात गाडी दिली नाही. प्राध्यापकांच्या परीक्षा लागल्या. त्यानंतर पाऊस पडून नदी दुथडी वाहिली, आणि पुराच्या पाण्यात कुणाचीच घाण सापडत नाही. पावसाळ्यातल्या बैठकीत नमुन्याची जागा बदलून पुलाखाली नेण्याचा ठराव झाला. पोचायला सोयीचं. पूल नाल्यापासून लांब, म्हणून मी विरोध केला. एकमताची अट निकालांना होती, जागेला नव्हती. माझा एक हात खाली राहिला तरी ठराव पास झाला.

मध्यंतरी वस्तीवरच्या लोकांनी भंगारातून एक जुना दांडा मिळवून हापशाला बसवला. मी गेले तेव्हा बायका पाणी भरत होत्या, लाल रंगाचे पोपडे निघायला लागले होते. अक्का तिथेच होत्या. नातू बरा झाला का, मी विचारलं. झाला, म्हणाल्या. मेंढरं? बरीच विकली, राहिलेली पोखर्णीकडं पाहुण्याकडं ठेवल्यात, म्हणाल्या. पुढे त्या घागर उचलून चालू लागल्या आणि मी बाजूला झाले.

पुढच्या बैठकीत विषय निघाला.

"त्या वस्तीवरचा हापसा बंदच आहे ना?" कारखान्याच्या अधिकाऱ्यांनी विचारलं. वार्षिक पुस्तिकेत समितीची कामगिरी म्हणून त्याचा फोटो छापायचा होता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चालू आहे म्हणाले असते, तर दुसऱ्या दिवशी जीप जाऊन तोही दांडा काढून घेऊन आली असती. बंद आहे म्हणाले, तर पोरं ते पाणी पीत राहणार होती.

"बंद आहे," मी म्हणाले.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, आणि लिहून घेतलं. त्यांना ठाऊक होतं, असं मला त्यांच्या मान खाली घालण्यावरून वाटलं.

त्यानंतर मी समितीतून बाहेर पडले. माझ्या जागी नवा समन्वयक सहज मिळाला. पुलाखालचं पाणी चांगलं येतं म्हणे, चौघांच्याही चाचणीत.