खडूचा बाण

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमधले एक गृहस्थ कारखान्यात तपासणीला आहेत. खिशात कायम खडू. रविवारी आम्ही दोघं मुरमाच्या रस्त्याने भोजपूरच्या जुन्या देवळाकडे सायकली काढतो. गाव लागलं की ते उतरून चालतात. "लोकांचं अंगण आहे, भैया!" पुन्हा सायकलवर बसले की मात्र मागे वळून बघत नाहीत. छातीच्या दुखण्यातून उठलेला मी मागे धापा टाकत चिडायचो. पण प्रत्येक फाट्यावर दगडावर ताजा बाण असायचा, आणि शेजारी कारखान्यात तपासून पास झालेल्या भागावर करतात तशी बरोबरची खूण.

परवा चढाखाली त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "आज गुडघा कुरकुरतोय. तुम्ही व्हा पुढे."

पहिल्याच फाट्यावर मी बाण काढला, बरोबरची खूण केली आणि मागे न बघता निघालो.