दाजींचे ब्रेक आणि भिंगरीचा टेम्पो

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तीस वर्षं फक्त ब्रेकचं काम करतात. इंजिनाला हात लावत नाहीत. "गाडी पळवणारे पुष्कळ आहेत," म्हणतात. गॅरेजसमोर खडूची रेघ असते. दुरुस्त झालेली गाडी ते स्वतः चालवून बघतात, आणि चाक बरोबर त्या रेघेवर थांबलं नाही तर गिऱ्हाईक कितीही ओरडो, गाडी मिळत नाही. माणूस हट्टी, त्यात घरचा जावई, म्हणून आम्ही तोंड उघडत नाही.

त्यांची मुलगी मात्र उघडते. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. तिने जुना टेम्पो घेतला, बेकरीचा पाव रोज सकाळी सातला हॉस्पिटलात पोचवायचं काम मिळवलं, आणि टेम्पोच्या मागच्या दारावर लालभडक इंग्रजी अक्षरांत रंगवून घेतलं, 'अनस्टॉपेबल'. पहिल्या दिवशी उशीर झाला तर काम दुसऱ्याला जाणार होतं.

आदल्या दिवशी दाजींनी मला बोलावणं धाडलं. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे जगातल्या सगळ्या इंग्रजीचा जाब मलाच द्यावा लागतो.

"अर्थ सांग."

"जे थांबवता येत नाही, ते. पण दाजी, हे गाडीच्या ब्रेकबद्दल नाही. पुराला म्हणतात, वणव्याला म्हणतात. एकदा वेग धरला की कुणाला आवरत नाही त्याला. हल्ली खेळाडूंनाही म्हणतात, कौतुकानं."

"पूर, वणवा आणि माझी पोरगी. वा! मग मी काय तीस वर्षं गवत उपटत होतो?"

"शब्द पुसणार नाही, बाबा," भिंगरी म्हणाली.

"मग मीही चालवून बघणार नाही."

तरी संध्याकाळपर्यंत ते टेम्पोखालीच होते.

सकाळी सहाला, बेकरीवाल्याने गॅरेजवर आणून दिलेला पाव भरून भिंगरीने टेम्पो सुरू केला; मीही बघायला आलो होतो. इंजिन गुरगुरलं, टेम्पो जागचा हलेना. पुन्हा प्रयत्न केला, तर जळका वास आला. दाजींनी ब्रेक इतके करकचून आवळले होते की चाकं फिरतच नव्हती. मला हसू येणार होतं, पण दाजींचा चेहरा बघून ते गिळलं.

"बाबा, मुद्दाम केलंत?" तिचे डोळे भरले होते.

"नाही गं. भीती वाटत होती. आवळतच गेलो."

भिंगरीने पाना उचलला. "पुढची दोन चाकं तुमची, मागची माझी." बाप-लेक दोन टोकांना आडवे झाले. अर्ध्या तासात चारही चाकं सैल झाली. मग तिने टेम्पो काढला, खडूच्या रेघेवर आणून नेमका थांबवला आणि खिडकीतून बापाकडे बघितलं. दाजींनी हातानेच जा म्हटलं.

सातला पाच कमी असताना तिचा फोन आला, पोचले म्हणून. शेजारच्या पंक्चरवाल्याने तेवढ्यात विचारलं, "मास्तर, टेम्पोवर काय लिहिलं होतं हो?"

मी सांगणार, तोच दाजी पाना पुसत म्हणाले, "मी एवढे आवळले, तरी गेली ना? ते."