फिरंगी भाषेचा मास्तर

उळवीची जत्रा उठली, तरी एक परका माणूस धर्मशाळेच्या ओट्यावर तसाच बसून होता. गोव्यात कुणा पोर्तुगीज साहेबाकडे स्वयंपाकाला होता म्हणे. साहेब मायदेशी गेला आणि हा घाट चढून वर आला. आता फिरंगी भाषा शिकवून पोट भरायचं, असं त्यानं ठरवलं होतं. आम्ही तांदूळ घेऊन गोव्यात उतरणारी माणसं. नाक्यावरच्या शिपायाशी चार शब्द बोलता यावेत, म्हणून त्याच्यापुढे जाऊन बसलो.

त्यानं गुडघ्यांवर तळहात घासले. बोलण्याआधी तो नेहमीच तसं करायचा. म्हणाला, "आधी मुंडाशी काढा. साहेबापुढं डोकं झाकून बोलत न्हाईत."

बाप मेल्यावरच आमच्यात डोकं बोडकं करतात. सगळे उठलेच.

"बसा," तो घाईनं म्हणाला. "शब्द तेवढे शिका. नाक्यावर मी पुढं हुबा ऱ्हातो. डोकं माझं उघडं असंल."

आमच्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "आन तुझा बा?"

तळहात पुन्हा गुडघ्यांवर फिरले. "त्येला मी बघितलाच न्हाई."

म्हातारा परत खाली बसला. शिकवणी सुरू झाली.

पुढच्या खेपेला मास्तर बोलल्याप्रमाणे आला. मुंडासं काखेत धरून शिपायापुढे उभा राहिला. मागून आम्ही शिकलेले शब्द म्हटले. शिपायानं सोडलं.

नाका मागं पडल्यावर म्हाताऱ्यानं डोक्यावरचं ओझं उतरवलं, मास्तराच्या काखेतलं मुंडासं ओढून घेतलं आणि आपल्या हातानं त्याच्या डोक्याला बांधलं. बांधून होईपर्यंत तो मान खाली घालून उभा होता.